हेगच्या वाटेवरील एक कैफियत

परदेशातील उन्हाळी अभ्यासक्रमासाठी अर्ज करू इच्छिणाऱ्या तरुण वकिलांचा आणि विधिमहाविद्यालयांतील विद्यार्थ्यांचा उत्साह मावळावा, अशी माझी मुळीच इच्छा नाही. परंतु ज्या संस्थेने माझे संपूर्ण शुल्क घेतले, मला लागणारे कागद देण्यास दिरंगाई केली, माझी जागा प्रतीक्षायादीतील दुसऱ्या उमेदवारास दिली आणि वर मी आपण होऊन माघार घेतल्याची नोंद माझ्याच नावावर करून ठेवली, तिच्या व्यवहाराची हकीकत कोणीतरी एकदा क्रमवार मांडल्याखेरीज पुढे जाणाऱ्यांस सावध होण्यास काही आधार मिळणार नाही, अशी माझी खात्री झाली आहे. संस्थेचे नाव मी सांगणार नाही. वाचकांनी तिची कार्यपद्धती ध्यानात ठेवावी, म्हणजे तीच पद्धती दुसऱ्या नावाखाली आढळली तरी ती त्यांना ओळखता येईल.

महाराष्ट्रातील एका जिल्हा न्यायालयात फौजदारी बाजू चालवणाऱ्या वकिलास आंतरराष्ट्रीय फौजदारी कायद्याशी काय कर्तव्य, असा प्रश्न मला अनेकांनी विचारला, आणि त्याचे उत्तर मी माझ्या अर्जातही दिले होते. १९८४ च्या शीखविरोधी हत्याकांडासंबंधीच्या सज्जनकुमार खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०१८ रोजी जो निकाल दिला, त्यात मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि वंशसंहार यांपैकी काहीही आपल्या देशी फौजदारी कायद्याचा भाग झालेले नाही आणि ही उणीव तातडीने दूर झाली पाहिजे, असे न्यायालयाने स्पष्टपणे नमूद केले. त्यानंतर १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलात आली, तरी ती उणीव तशीच राहिली. वंशसंहारविरोधी करार भारताने १९५९ साली मान्य केला. पण १७ जुलै १९९८ रोजी रोम येथे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाची संविधी १२० विरुद्ध ७ मतांनी संमत झाली, तेव्हा तटस्थ राहिलेल्या २१ राष्ट्रांत भारत होता आणि आजही तो त्या न्यायालयाचा सदस्य नाही. टोकियोच्या खटल्यात १९४८ साली राधाविनोद पाल यांनी सर्व आरोपींना निर्दोष ठरवणारे भिन्नमतपत्र लिहिले, तो वारसा सांगणाऱ्या देशातील वकिलाने हा विषय त्याच्या माहेरी, म्हणजे हेगला, जाऊन शिकावा, ही इच्छा मला आजही सर्वथा योग्य वाटते.

अर्ज मी हिवाळ्यातच, मुदतीच्या पुष्कळ आधी पाठवला. सनदेची प्रत, पदवीचे प्रमाणपत्र, शिफारसपत्रे आणि हेतुपत्र हे सारे पहिल्याच खेपेस पूर्ण होते, आणि तसे त्यांनीच लेखी कळवले होते. निवडीचे पत्र आले ते स्तुतीने ओथंबलेले होते. मात्र त्याच पत्रात संपूर्ण शुल्क अल्प मुदतीत भरावे आणि व्हिसासाठी लागणारे निमंत्रणपत्र शुल्क जमा झाल्यानंतरच मिळेल, अशी अट होती. परकीय चलन बाहेर पाठवण्यासाठी बँकेत जो ए-टू फॉर्म भरावा लागतो तो भरून, मुदत संपण्यापूर्वी मी रक्कम रवाना केली आणि पोचही मिळवली.

येथून पुढे संस्थेची लगबग एकाएकी थंडावली. शुल्क मागताना दिवसांची मोजणी करणारी ही मंडळी निमंत्रणपत्र देताना महिन्यांची भाषा बोलू लागली. आणि अखेरीस पत्र आले तेव्हा त्यात माझे आडनावच नव्हते. आपल्याकडे सनदेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव आणि मग वडिलांचे नाव असा शिरस्ता आहे. पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात आणि उरलेली दोन्ही नावे दुसऱ्या रकान्यात येतात. संस्थेच्या अर्जात मी प्रत्येक रकाना पासपोर्टप्रमाणे अक्षरशः भरला होता, तरीही त्यांच्या कारकुनाने सनदेवरील शेवटचे नाव उचलून माझ्या वडिलांचे नाव हेच माझे आडनाव ठरवले. पासपोर्टशी न जुळणारे पत्र व्हिसाच्या अर्जास जोडता येत नाही, म्हणून मी त्याच दिवशी दुरुस्ती मागितली. त्यानंतर वारंवार स्मरणपत्रे पाठवावी लागली. प्रत्येक उत्तर निराळ्या व्यक्तीचे येई, प्रत्येक व्यक्ती पासपोर्टची तीच प्रत नव्याने मागे, आणि मध्येच त्यांच्या वसंतातील सुट्ट्या आल्या.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासापूर्वी सहा महिन्यांपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी करावा लागतो. त्यावरील निर्णय साधारणपणे पंधरा दिवसांत होतो, परंतु तो पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकतो. ही सहा महिन्यांची सवलत हाती निमंत्रणपत्र असलेल्यालाच उपयोगी पडते. दुरुस्त पत्र मिळेपर्यंत उन्हाळ्याची गर्दी सुरू झाली होती, व्हिसा केंद्रातील नजीकच्या तारखा संपल्या होत्या, आणि अभ्यासक्रमाचा पहिला दिवस उजाडला तेव्हा माझा अर्ज विचाराधीनच होता. व्हिसा देणाऱ्या कचेरीस मी दोष देत नाही. नियमाने दिलेल्या मुदतीतच तिचे काम चालले होते.

अभ्यासक्रम सुरू होण्यापूर्वीच मी संस्थेस सविस्तर पत्र लिहिले. पत्रव्यवहाराच्या सर्व तारखा क्रमाने देऊन, विलंब कोणाकडून झाला हे त्यातून दाखवून, माझे शुल्क परत करावे किंवा निदान पुढील वर्षाच्या प्रवेशात ते जमा धरावे, एवढीच माझी विनंती होती. उत्तर आले ते अवघ्या काही ओळींचे, खाली कोणाही माणसाचे नाव नसलेले. त्याचा आशय असा: व्हिसा नाकारला गेला आणि नकाराचे पत्र सादर केले तरच शुल्क परत मिळते. तसे पत्र मी सादर केलेले नाही. सबब मी स्वेच्छेने प्रवेश सोडल्याची नोंद करण्यात आली असून माझी जागा अन्य उमेदवारास देण्यात आली आहे. हा निर्णय अंतिम समजावा.

ते उत्तर वाचताना या साऱ्या रचनेचे मर्म माझ्या ध्यानात आले. शुल्कपरतीचे ते कलम मी शुल्क भरण्यापूर्वी वाचले होते, आणि नकाराच्या प्रसंगी ते रास्तच होते. परंतु संस्थेच्या स्वतःच्या दिरंगाईमुळे निर्णयच वेळेवर न झाला तर काय, या प्रश्नाला त्या कलमात जागा नव्हती. आणि जेथे नियम मुका असतो तेथे बोलण्याचा अधिकार आपल्या एकट्याचाच आहे, असे संस्थेने गृहीत धरले होते. माझा व्हिसा नाकारला गेला असता तर मी शुल्कपरतीस पात्र ठरलो असतो. तो विचाराधीन राहिला म्हणून मी अपात्र ठरलो. विलंब ज्यांनी केला त्यांना त्या विलंबाचा लाभ मिळाला आणि ज्याने वेळ पाळली त्याच्या माथी माघार मारण्यात आली. करून सवरून नामानिराळे राहणे म्हणजे काय, हे मी न्यायालयात पुष्कळदा पाहिले आहे. न्याय शिकवणाऱ्यांकडून ते पाहण्याचा प्रसंग मात्र प्रथमच आला.

मला पैशाच्या हानीपेक्षा अधिक क्लेश झाला तो यामुळे. ज्या अभ्यासक्रमात रोम संविधीचे ६६ वे कलम शिकवले जाणार होते, आरोपी निर्दोष असल्याचे गृहीत धरावे आणि दोष सिद्ध करण्याचा भार अभियोक्त्यावर असावा हे तत्त्व ज्यात विवरण करून सांगितले जाणार होते, ज्यात ६७ व्या कलमानुसार आरोपीस आरोपाचा तपशील त्याला पूर्णपणे समजणाऱ्या भाषेत मिळाला पाहिजे आणि बचावाच्या तयारीस पुरेसा वेळ मिळाला पाहिजे, हे घोकून घेतले जाणार होते, त्याच अभ्यासक्रमाच्या चालकांनी एका अर्जदाराचे म्हणणे विचारात न घेता त्याच्याविरुद्ध नोंद केली आणि त्या नोंदीवर फेरविचाराची वाटही बंद केली. आमच्या न्यायालयात साध्या चोरीच्या आरोपीसही पुराव्यातील प्रतिकूल गोष्टी एकेक करून सांगून त्यावर त्याचे म्हणणे विचारले जाते. जुन्या संहितेचे ३१३ वे कलम आणि आताच्या नागरिक सुरक्षा संहितेचे ३५१ वे कलम त्यासाठीच आहे. तेवढाही विचार मला मिळाला नाही.

आमच्या बार रूममधील काही स्नेह्यांनी मलाच ऐकवले, की एवढ्या दूरच्या संस्थेवर विसंबावेच कशाला, आणि थोडी घाई केली असती तर काम झाले असते. त्यांना मी पत्रव्यवहाराची फाईल दाखवली. त्यात माझ्याकडून एकही पत्र एका दिवसाहून अधिक काळ अनुत्तरित राहिलेले नाही; जो कोणी ती वाचील त्याने दोष कोणाचा हे स्वतःच ठरवावे.

आता जे अर्ज करणार आहेत त्यांच्यासाठी. शुल्क भरण्यापूर्वी संस्थेस एक ई-मेल पाठवून तीन गोष्टी लेखी मागून घ्याव्यात: शुल्क मिळाल्यापासून निमंत्रणपत्र किती दिवसांत मिळेल, व्हिसाचा निर्णय अभ्यासक्रमाच्या आरंभापर्यंत न झाल्यास शुल्काचे काय होईल, आणि पत्रात चूक झाल्यास ती दुरुस्त करण्याची जबाबदारी कोणत्या अधिकाऱ्याची. नकार आणि विलंब या दोन स्वतंत्र बाबी आहेत, आणि बहुतेकांचे लक्ष केवळ पहिलीकडे जाते. शुल्क दोन हप्त्यांत घेण्याची, अथवा पहिल्या हप्त्यावरच निमंत्रणपत्र देण्याची विनंती अवश्य करावी. ती अमान्य झाली तरी संस्थेचा स्वभाव कळतो. अटींचे पान ज्या दिवशी पैसे पाठवाल त्याच दिवशी छापून, तारीख घालून ठेवावे.

नावाच्या बाबतीत विशेष दक्षता घ्यावी. अर्जाबरोबर पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत जोडून त्याखाली आडनाव कोणते, स्वतःचे नाव कोणते आणि वडिलांचे कोणते हे एका ओळीत लिहून द्यावे, आणि निमंत्रणपत्रही याच क्रमाने हवे असे कळवावे. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने वैध असावा, हे आधीच तपासावे. प्रवासविमा किमान तीस हजार युरोंचा लागतो; तो घेताना प्रवास रद्द झाल्यास अभ्यासक्रमाचे शुल्क त्यात समाविष्ट आहे काय आणि विलंबाच्या प्रसंगीही भरपाई मिळते काय, हे विमापत्रातच पाहावे. बँकेतून रक्कम पाठवताना मधल्या बँकांचे सर्व आकार पाठवणाऱ्याकडून वसूल करावेत असे लिहून द्यावे. नाहीतर तेथे रक्कम अपुरी पोचते आणि शुल्क अपूर्ण असल्याचे निमित्त त्यांच्या हाती लागते.

अभ्यासक्रमाची पारखही आधी करावी. हेगमधील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाची उन्हाळी सुटी साधारणपणे जुलैच्या मध्यानंतर तीन आठवडे असते; त्या काळात भरणाऱ्या वर्गात साक्षीपुरावा प्रत्यक्ष पाहता येईल असे आश्वासन कोणी देत असेल, तर नेमका कोणत्या दिवशी, हे विचारावे. पीस पॅलेसमधले न्यायालय राष्ट्राराष्ट्रांतील तंट्यांचे आहे, व्यक्तींवरील फौजदारी खटल्यांचे नव्हे. त्या इमारतीचे छायाचित्र पाहून निर्णय घेऊ नये. व्याख्याते कोण, ते स्वतः येणार की ध्वनिचित्रफिती दाखवणार, आणि अखेरीस मिळणारे प्रमाणपत्र केवळ उपस्थितीचे आहे की विद्यापीठीय श्रेयांकांसह, हेही विचारून घ्यावे. शिष्यवृत्ती मिळाली म्हणजे राहण्याजेवणाचा खर्च सुटला असे समजू नये. पुष्कळदा ती केवळ शुल्कापुरती असते. हेतुपत्रात जागतिक शांततेवर निबंध लिहिण्यापेक्षा आपण स्वतः चालवलेल्या एखाद्या खटल्यातून हा विषय आपल्याला का आवश्यक वाटला, ते लिहावे. बाकी वेळेवर आरंभ करणे, कागद नीटनेटके ठेवणे, संयम राखणे, या गोष्टी कोणीही सांगेल आणि त्या खऱ्याच आहेत.

आणि ज्यांना जाता येणार नाही त्यांनी हा विषय आपल्यासाठी बंद झाला असे मानू नये. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय कायदाविषयक दृक्श्राव्य ग्रंथालयातील व्याख्याने विनामूल्य ऐकता येतात. तादिच खटल्यातील २ ऑक्टोबर १९९५ चा अधिकारक्षेत्रविषयक निर्णय आणि बालसैनिकांच्या भरतीबद्दल लुबांगा यास दोषी ठरवणारे १४ मार्च २०१२ चे निकालपत्र कोणालाही घरबसल्या वाचता येते. मी सध्या तेच करीत आहे, आणि पुढील खेपेस अर्जही करणार आहे. मात्र दुसऱ्या संस्थेकडे.

माझे शुल्क अद्याप त्या संस्थेकडेच आहे आणि माघारीची ती नोंदही तशीच आहे. पैसे परत मिळोत वा न मिळोत, ती नोंद चुकीची आहे आणि ती दुरुस्त झाली पाहिजे, ही माझी मागणी कायम आहे. तुमच्यावर अशी मागणी करीत बसण्याची वेळ येऊ नये, एवढ्याचसाठी सांगतो: जी संस्था वरील तीन प्रश्नांची उत्तरे लेखी देण्यास टाळाटाळ करील, तिचे नाव कितीही मोठे असो, तिला एक पैसाही पाठवू नका.