लौकिक आणि प्रभुसत्ता : महाराष्ट्रातील ख्रिस्ती आत्मलेखनातील एक सूत्र

मराठी भाषेत ‘लौकिक’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. जे पारलौकिक नव्हे ते लौकिक, हा एक अर्थ. आणि लोकांत मिळालेला मान किंवा चांगले नाव, हा दुसरा. हे दोन अर्थ एकाच शब्दात नांदावेत, हा केवळ योगायोग मानता येणार नाही. मराठी समाजमनाला ‘जग’ प्रथम जाणवते ते चारचौघांच्या नजरेच्या रूपाने. ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न येथे नीतीचा, धर्माचा आणि कुटुंबव्यवहाराचा सर्वांत प्रभावी पहारेकरी ठरत आला आहे. संतकाव्यातही भक्ताला पहिला त्याग करावा लागतो तो लोकलज्जेचा. एकोणिसाव्या शतकात ज्या मराठी माणसांनी ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला, त्यांनाही याच लौकिकाशी झुंज द्यावी लागली. मनुष्यांपेक्षा देवाची आज्ञा मानणे अधिक योग्य, ही ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या पाचव्या अध्यायातील भूमिका त्यांना परिचित होती. परंतु त्यांच्या आत्मलेखनाचे वाङ्मयीन मोल ही भूमिका उच्चारण्यात नाही. जगाचा दबाव शत्रूच्या मुखाने क्वचितच बोलतो, तो बहुधा आप्तांच्या आणि उपकारकर्त्यांच्या मुखाने बोलतो, हे त्यांनी दाखवून दिले, यात ते मोल आहे.

१

बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांचे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र १८८८ साली प्रसिद्ध झाले. ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या कादंबरीचे कर्ते म्हणून ते भारतीय साहित्याच्या अभ्यासकांना ज्ञात आहेत. परंतु श्रद्धेच्या कसोटीचा विचार करताना ‘अरुणोदय’ अधिक महत्त्वाचे ठरते. या ग्रंथात परमहंस सभेविषयी आलेली माहिती या दृष्टीने सूचक आहे. मुंबईत १८४९ च्या सुमारास स्थापन झालेली ही सभा जातिभेद मानीत नसे. तिचे सभासद एकत्र जमत, प्रार्थना करीत आणि जातिबंधन मोडल्याची खूण म्हणून पाव खात. मात्र हे सर्व गुप्तपणे चाले. घरी परतल्यावर जातीचे आचार पूर्ववत् पाळले जात. पुढे सभासदांची नावे बाहेर फुटल्यावर १८६० च्या सुमारास सभा विस्कळीत झाली.

पदमनजी काही काळ या सभेत होते. जे बुद्धीला पटले ते बंद दाराआड आचरावे आणि उघड्या ओसरीवर लौकिक सांभाळावा, ही तडजोड त्यांनी जवळून अनुभवली होती. तिला केवळ भित्रेपणा म्हणणे अन्यायाचे होईल. त्या सभासदांपुढे बहिष्काराचे खरे संकट होते. तथापि सत्याला लोकांची अनुमती मिळेपर्यंत त्याने लपून राहावे, असे या तडजोडीचे गृहीत होते. ३ सप्टेंबर १८५४ रोजी बेळगाव येथे पदमनजींनी घेतलेला बाप्तिस्मा या गृहीताला दिलेले उत्तर होय. बाप्तिस्मा हा स्वभावतःच उघड विधी आहे; तो साक्षीदारांसमोर होतो. ज्याची सत्ता अंतःकरणावर मान्य केली, त्याची सत्ता चारचौघांतही मान्य करणे, हा त्याचा आशय. ‘अरुणोदया’तील निवेदन या क्षणाकडे घाईने जात नाही. बालपणीची व्रते, मूर्तिपूजेवरील निष्ठा, शंका, पुन्हा माघार, आप्तांचा मोह अशा पायऱ्यांनी ते पुढे सरकते. म्हणूनच वाचकाला निर्णयाइतकीच त्याची किंमतही उमगते.

२

पदमनजींच्या बाबतीत दबाव सोडून दिलेल्या समाजाकडून आला. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या बाबतीत तो स्वीकारलेल्या धर्मसंस्थेकडूनही आला, आणि येथे या सूत्राला नवे परिमाण लाभते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेथील मठातील सिस्टर जेराल्डीन यांना पत्रांतून त्या ‘आजीबाई’ म्हणत. हे नाते नाममात्र नव्हते. परदेशात आलेल्या विधवेला आणि तिच्या लहान मुलीला त्या मठाने आसरा दिला होता. परंतु ए. बी. शहा यांनी संपादिलेल्या आणि १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी पत्रसंग्रहात या स्नेहाबरोबरच एक दीर्घ संघर्षही दिसतो. चेल्टनहॅम येथील महाविद्यालयात रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, याविषयी बिशपांनी प्रतिकूल मत दिले. त्रैक्याच्या सिद्धांताविषयी रमाबाईंना शंका होत्या, आणि त्या त्यांनी लपविल्या नाहीत. क्रुसावर लॅटिन अक्षरे का असावीत, संस्कृत का नकोत, असाही त्यांचा प्रश्न होता. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून महत्प्रयासाने सुटलेल्या व्यक्तीने तसेच दुसरे जोखड मानेवर घेऊ नये, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता.

हा युक्तिवाद अहंभावाचा आहे, असे त्यांच्या हितचिंतकांना वाटले. परंतु रमाबाईंनी अधिकार नाकारला नाही. त्यांनी अधिकाराचा क्रम सांगितला. देवाची आज्ञा आणि संस्थेची शिस्त या दोन वस्तू एक नव्हेत. दुसरी पहिलीच्या नावाने बोलू लागली की तिची परीक्षा करणे हे श्रद्धेचेच कार्य होय.

हाच क्रम भारतात परतल्यावर दुसऱ्या दिशेने कसास लागला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत उघडलेले शारदासदन पुढील वर्षी पुण्यास आले. तेथे धर्मप्रसार होणार नाही, या विश्वासावर रानडे, भांडारकर यांच्यासारखी मंडळी सल्लागार झाली होती. रमाबाई मात्र स्वतःच्या प्रार्थनेच्या वेळी खोलीचे दार बंद करीत नसत आणि काही मुली येऊन बसत. १८९३ साली वाद विकोपास जाऊन सल्लागारांनी संबंध तोडला. उघड्या दारापाशी दोन सद्‌हेतूंचा येथे संघर्ष होता. अल्पवयीन मुलींच्या पालकांप्रती असलेली जबाबदारी हा सल्लागारांचा मुद्दा पोकळ नव्हता. रमाबाईंची बाजू अशी की, दार लावून घेतलेली प्रार्थना ही लौकिकाला दिलेली खंडणी ठरेल. परमहंस सभेच्या बंद दाराशी या उघड्या दाराची तुलना केली असता चार दशकांत घडलेले स्थित्यंतर ध्यानात येते.

३

नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या जीवनातील या सूत्राचे अखेरचे वळण १९१७ साली आले. अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून त्यांनी सातारा येथे ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही ख्रिस्तानुयायी त्यात सामावावेत, अशी त्यांची कल्पना होती. ‘दरबार’ या शब्दाची निवड अर्थगर्भ आहे. दरबारात सत्ताधीश एकच असतो. बाकी सारे, मग ते मिशनरी असोत की नवदीक्षित, सारखेच उभे असतात. वेतनाची सुरक्षितता हाही लौकिकाचाच एक प्रकार, हे टिळकांनी त्यागाने सांगितले. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाल्याने दरबाराची घडी बसू शकली नाही.

परंतु या सूत्राचा सर्वांत सूक्ष्म आविष्कार लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ (१९३४–३७) या ग्रंथात आढळतो. पतीच्या धर्मांतरानंतर लक्ष्मीबाई काही वर्षे नात्याच्या माणसांत वेगळ्या राहिल्या. पुढे त्या पतीकडे परतल्या तरी सोवळे आणि स्वतंत्र स्वयंपाक त्यांनी सोडला नाही. पतीच देव, अशी शिकवण असलेल्या काळात पतीच्या देवाला त्यांनी केवळ पतीच्या शब्दावरून मान्यता दिली नाही, ही गोष्ट मुद्दाम लक्षात घेण्याजोगी आहे. जातिभेद माणसाने निर्माण केला, देवाने नव्हे, ही जाणीव त्यांच्या ठायी स्वतंत्रपणे उमलली. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांची उत्कटता मोठी खरी, पण त्यांनीही या वाढीची वाट पाहिली. स्वतःच्या हट्टांकडे हसून पाहणारे लक्ष्मीबाईंचे निवेदन श्रद्धेला व्यासपीठावरून खाली, चुलीपाशी आणते.

४

या चारही व्यक्तींच्या आत्मलेखनातून व चरित्रांतून एक प्रश्न अपरिहार्यपणे उद्भवतो. देवाच्या सत्तेचे नाव घेऊन जगाचे ऐकण्याचे नाकारणारा मनुष्य खरोखर देवाचे ऐकत असतो, की स्वतःचेच? हा प्रश्न त्यांच्या समकालीनांनी कठोरपणे विचारला, आणि तो अवास्तव नव्हता. त्याचे निर्णायक उत्तर साहित्याभ्यासाच्या कक्षेबाहेरचे आहे. तरीही हे लेखन तीन खुणा दाखविते. पहिली, या व्यक्तींनी आपल्या निर्णयाची झळ प्रथम स्वतः सोसली, जरी आप्तांना ती टळली नाही. दुसरी, त्यांनी आपल्या शंका लिहून ठेवल्या. हट्टाला शंका परवडत नाही, श्रद्धेला परवडते. तिसरी, जिथे त्यांची श्रद्धा सर्वांत परिपक्व दिसते, तिथे ती दुसऱ्याच्या विवेकाला अवकाश देते. टिळकांनी लक्ष्मीबाईंची पाहिलेली वाट हे त्याचे उत्तम उदाहरण.

प्रभुसत्तेवरील विश्वास म्हणजे जगाशी वैर नव्हे, हे यावरून स्पष्ट होते. रमाबाई ‘आजीबाईं’ना पत्रे लिहीत राहिल्या, लक्ष्मीबाईंनी दुरावलेल्या नातलगांची चित्रे मायेने रंगविली. लौकिकाचा अधिकार नाकारूनही लोकांविषयीचे प्रेम राखणे, ही या आत्मलेखनाने मराठी गद्याला दिलेली देणगी होय. आणि धर्मांतराच्या इतिहासापलीकडे जाऊन भारतीय आत्मचरित्राच्या परंपरेत त्याचा विचार व्हावा, याचे कारणही हेच.