उष्ण प्रदेशातील बागेसाठी झाडांची निवड

शोभेची झाडे बहुधा हिवाळ्यात विकत घेतली जातात. पौष-माघात रोपवाटिकेत पिटुनिया, फ्लॉक्स आणि डेलिया यांचा बहर असतो, ऊन कोवळे असते आणि तेथील प्रत्येक रोप आपल्या अंगणातही असेच डवरलेले राहील, असे वाटते. वैशाख लागला की हा भ्रम दूर होतो. उष्ण प्रदेशात झाडाची पारख त्याच्या बहराच्या दिवसांवरून करून चालत नाही. ती वर्षातील सर्वांत कठीण दिवसांवरून करावी लागते.

उदाहरणादाखल छत्तीसगडमधील भिलाई येथील वैशाली नगर ही वस्ती घेऊ. मे महिन्यात येथे दुपारचे तापमान ४२ अंश सेल्सियसच्या वर सहज जाते आणि हवा अतिशय कोरडी असते. जूनच्या उत्तरार्धात पाऊस सुरू झाला म्हणजे सारे पालटते. वर्षभरातील बहुतेक पाऊस सप्टेंबरअखेरपर्यंतच्या ह्या अवघ्या काही महिन्यांत कोसळतो. एकाच झाडाला मे महिन्यातील होरपळ आणि ऑगस्टमध्ये मुळांशी साचलेले पाणी, अशा दोन कसोट्यांना उतरावे लागते. उन्हाळ्यात तगलेले झाड पुष्कळदा पावसाळ्यात दगावते. गोंदिया, भंडारा व नागपूर येथील बागांनाही हेच लागू पडते.

पानाची पारख

पान पाणी बाष्परूपाने बाहेर टाकून स्वतःला थंड राखते. मुळांकडून पुरेसे पाणी येईनासे झाले, की पानावरील सूक्ष्म रंध्रे मिटतात, बाष्पोत्सर्जन मंदावते आणि उन्हातील पान भोवतालच्या हवेपेक्षाही अधिक तापते. रुंद व पातळ पानांच्या कडा प्रथम करपतात. म्हणून अरुंद, जाड, तुकतुकीत किंवा मांसल पानांची झाडे निवडणे श्रेयस्कर होय. कण्हेरीच्या पानाच्या खालच्या बाजूस बारीक खळगे असून रंध्रे त्यांच्या आत लवीच्या आड दडलेली असतात. त्यामुळे कोरडा वारा त्यांना थेट लागत नाही. चाफ्याचा मार्ग निराळा आहे. तो आपल्या जाड फांद्यांत पाणी साठवितो आणि कोरड्या दिवसांत पाने गाळून पाण्याचा खर्च टाळतो. अशा वेळी झाड मेले असे समजून त्याच्या बुंध्याशी पाणी ओतीत राहिल्यास फांद्या कुजतात.

मातीची पारख

छत्तीसगडचे शेतकरी आपल्या जमिनीचे चार प्रकार मानतात. उंचवट्यावरची तांबडी, मुरमाड ती भाटा. पिवळसर व हलकी ती मटासी. सखल भागातील काळी, चिकण ती कन्हार. आणि मटासी व कन्हार यांच्या मधली ती डोरसा. बागेपुरती ह्यांची ओळख पुरेशी आहे. भाटा पाणी धरून ठेवीत नाही, तर कन्हार ते सोडीत नाही. जमिनीत दीड फूट खोल खड्डा खणून तो पाण्याने भरावा. पाणी जिरल्यावर पुन्हा भरावा. दुसऱ्या दिवशीही पाणी उरले असेल, तर तेथे वीतभर उंच वाफा करून त्यावरच झाड लावावे.

झाडांची निवड

पश्चिमेची भिंत दिवसभर तापते आणि सूर्यास्तानंतरही उष्णता बाहेर टाकीत राहते. अशा जागी बोगनवेल उत्तम. मूळ दक्षिण अमेरिकेतील ह्या वेलीचे रंगीत भाग ही फुले नसून फुलांभोवतीची पाने होत; खरे फूल इवलेसे व फिकट असते. पाणी जपून दिल्यास तिला रंग अधिक येतो. कुंपणासाठी पिवळ्या घंटेसारख्या फुलांचा टेकोमा घ्यावा. वाफ्याच्या कडेस चिनी गुलाब आणि सदाफुली लावता येतात; मात्र पाणी तुंबल्यास सदाफुलीचे मूळ कुजते. मोगरा कडक उन्हातच भरभरून फुलतो, पण त्याला नियमित पाणी लागते. म्हणून तो नळाच्या जवळ असावा.

कण्हेर कितीही काटक असली, तरी तिचे सर्व भाग विषारी असतात. जेथे लहान मुले खेळतात किंवा गुरे येतात, तेथे ती लावू नये. छाटलेल्या फांद्या रस्त्यावर टाकू नयेत व जाळूही नयेत. पिवळ्या कण्हेरीच्या, म्हणजे बिट्टीच्या, बियांबाबतही हीच सावधगिरी बाळगावी. घाणेरी अथवा टणटणी उन्हाला दाद देत नाही. परंतु पक्षी तिच्या बिया दूरवर नेतात आणि तिने देशातील कितीतरी जंगले व्यापली आहेत. काटकपणा हा एकच गुण पाहून निवड केल्यास असा अनर्थ ओढवतो.

लागवड

पहिले दोन-तीन चांगले पाऊस पडल्यावर लागवड करावी, म्हणजे पुढील उन्हाळ्यापूर्वी मुळांना खोल जाण्यास अवधी मिळतो. उन्हाळ्यात रोज थोडे थोडे पाणी शिंपडल्याने मुळे वरच्या तापलेल्या थरातच राहतात. त्यापेक्षा काही दिवसांच्या अंतराने आळे भरून पाणी द्यावे आणि त्यावर वाळल्या पानांचे किंवा भाताच्या पेंढ्याचे आच्छादन घालावे. ते बुंध्याला मात्र टेकू देऊ नये.

झाड विकत घेण्यापूर्वी आपल्याच वस्तीत ते कोणाच्या दारी आहे, हे शोधावे आणि मे महिन्यात एकदा व ऑगस्टमध्ये एकदा ते पाहून यावे. दोन्ही वेळी टवटवीत दिसणारे झाड निःशंकपणे निवडावे.