बंदिस्त उभी शेती आणि औषधी द्रव्ये : एक अभ्यास

औषधाची योजना अचूक असूनही द्रव्य हीनवीर्य असल्यामुळे गुण येत नाही, हा अनुभव बहुतेक वैद्यांस आहे. त्यामुळे इमारतीत फळ्यांवर फळ्या रचून, कृत्रिम प्रकाशात व मातीविना वनस्पती वाढविण्याच्या पद्धतीकडे औषधनिर्मात्यांचे लक्ष जाणे स्वाभाविक आहे. कोलंबिया विद्यापीठाचे प्रा. डिक्सन डेस्पोमिए यांनी १९९९ पासून विद्यार्थ्यांसह या कल्पनेची मांडणी केली. जपानमध्ये चिबा विद्यापीठाचे प्रा. तोयोकी कोझाई यांनी तिचे शास्त्र बांधले. ही पद्धत आपल्या कामाची किती, याचा विचार येथे करू.

प्रथम भूमीचा प्रश्न. चरकाचार्यांनी कल्पस्थानाच्या पहिल्याच अध्यायात जांगल व साधारण देशातील द्रव्ये प्रशस्त मानली असून, कोणते अंग कोणत्या ऋतूत घ्यावे हेही सांगितले आहे : मुळे ग्रीष्मात किंवा शिशिरात, कोवळ्या फांद्या व पाने वर्षा-वसंतात, साल, कंद व क्षीर शरदात, सार हेमंतात. बंद खोलीत ना देश, ना ऋतू. मग अशा द्रव्यास वीर्य कोठून येणार, असा आक्षेप घेतला जातो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

चिबा विद्यापीठातील ज्येष्ठमधावरचे काम या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत लाल प्रकाशाने, तसेच अतिनील-ब किरणांचा ताण दिल्याने मुळांतील ग्लिसिऱ्हायझिनचे प्रमाण वाढल्याचे आढळले. (ही जात चीनमधील ‘युरालेन्सिस’ होय, आपल्या फार्माकोपियातील ‘ग्लॅब्रा’ नव्हे, हे विसरू नये.) त्याच गटाने सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीवर उष्णतेचा ताण दिला, तेव्हा प्रकाशसंश्लेषण मंदावले, पण हायपेरिसिन वाढले. वनस्पतीच्या लाडाकोडात वीर्य नाही, ते तिने सोसलेल्या ऊन-ताणात आहे, असाच याचा अर्थ आम्ही घेतो. जांगल देशाची महती सांगणाऱ्या आचार्यांना यात नवल वाटले नसते. बंद खोलीत ऋतू नसतो हे खरे, परंतु उष्णता, प्रकाश व पाणी हातात असल्यामुळे तो काही अंशी घडविता येतो. मात्र एका घटकाचे प्रमाण म्हणजे द्रव्याचे समग्र रस-गुण-वीर्य-विपाक नव्हे. तेवढ्यावर समाधान मानू नये.

आता खर्चाचा हिशेब, कारण फार्मसीचालकांचा खरा प्रश्न तोच. चौरस मीटरवर सेकंदास २०० मायक्रोमोल प्रकाश रोज १६ तास द्यायचा आणि दिवा एका ज्यूलला २.५ मायक्रोमोल देणारा असला, तर ८० वॅट लागतात. म्हणजे रोज १.२८ युनिट. अश्वगंधेचे पीक १५० दिवसांचे धरल्यास १९२ युनिट होतात. युनिटला ८ रुपये धरले तरी केवळ दिव्यांचे १,५३६ रुपये, वातानुकूलन वेगळेच. शेतात हेक्टरी साधारण ३ ते ५ क्विंटल वाळलेली मुळे निघतात, म्हणजे चौरस मीटरला ३० ते ५० ग्रॅम. बंदिस्त जागेत याच्या दहापट उत्पन्न आले असे मानले, तरी अर्धा किलो अश्वगंधेमागे दीड हजारांची वीज जाते. नीमचच्या बाजारातील भावाशी हा आकडा वाचकांनीच ताडून पाहावा. अमेरिकेत एअरोफार्म्सने २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, बॉवरीने २०२४ मध्ये काम बंद केले. या कंपन्या तर महिन्याभरात तयार होणारी पालेभाजी पिकवीत होत्या. बिल्व, श्योनाक, पाटला, गंभारी यांचा तर प्रश्नच नाही. बृहत्पंचमुळाचे वृक्ष कोणत्या फळीवर मावणार? त्यांच्यासाठी जमीन व वर्षेच हवीत.

तरीही एक क्षेत्र आम्हांस खरोखर आश्वासक वाटते : ज्यांचे पंचांग किंवा पाने ताजी लागतात अशी लहान क्षुपे. ब्राह्मीचेच पाहा. (मंडूकपर्णीस ब्राह्मी म्हणून विकण्याची खोड आपल्याकडे अजून गेलेली नाही, ही गोष्ट वेगळी.) खरी ब्राह्मी पाणथळ जागी, पुष्कळदा सांडपाण्याच्या काठी वाढते आणि तेथील शिसे, कॅडमियम आपल्यात साठवते. शिशाची मर्यादा १० पीपीएम व कॅडमियमची अवघी ०.३ पीपीएम असल्यामुळे असा माल सहज नापास होतो, आणि तपासणीविना वापरला तर तो घृतातून बालरुग्णांच्या पोटात जातो. शुद्ध पाण्यावर वाढविलेल्या ब्राह्मीत हा धोका बराच टळतो. अट एवढीच की पाण्यात मिसळलेल्या पोषक क्षारांचीही जड धातूंसाठी तपासणी झालेली असावी. ती छाटली की पुन्हा फुटते, त्यामुळे स्वरसासाठी व भावनेसाठी ताजा माल बारमाही मिळू शकतो. भृंगराज व तुळस यांचाही विचार याच अंगाने करता येईल.

असा माल कोणी देऊ केल्यास वनस्पतीची ओळख पटल्याचा दाखला, जड धातूंचा अहवाल आणि बॅकोसाइडचे प्रमाण ही तिन्ही मागावीत, व शेतातील खात्रीच्या ब्राह्मीचा नमुना त्याच प्रयोगशाळेत शेजारी ठेवून तपासून घ्यावा. स्वरसाचा गंध, रस व वर्ण वैद्याने स्वतः पाहावा. पहिल्या घाण्यास स्वतंत्र बॅच क्रमांक देऊन त्याची नोंद वेगळी ठेवावी, म्हणजे रुग्णांतील गुणाची तुलना नेहमीच्या घृताशी करता येईल.