आंब्याच्या हंगामात लहान मुलांना उन्हापासून जपा



कोकणात मार्च ते मे हा आंबा-काजूच्या हंगामाचा काळ. या दिवसांत रत्नागिरी, राजापूर, गुहागर, दापोली या भागांतील बागायतदारांच्या घरी पहाटेपासून धावपळ असते. काढणी, प्रतवारी, पेट्या भरणे, गाडी गाठणे यांत मोठी माणसे गुंतलेली असतात. त्याच सुमारास शाळांना सुट्टी लागते. चाकरमान्यांची मुले मुंबईहून आजोळी येतात. राखणीसाठी व काढणीसाठी आलेली नेपाळी कुटुंबे तर लहानग्यांसह बागेतच राहतात. मोठी माणसे कामात आणि मुले दिवसभर कातळावर, खळ्यात किंवा समुद्राच्या पुळणीत, असे चित्र गावोगाव दिसते.

काढलेला हापूस आपण उन्हात ठेवत नाही. उन्हात राहिलेल्या फळात साका होण्याचे प्रमाण वाढते, म्हणून क्रेट भरताच तो सावलीत नेतो. सुपारीच्या खोडाला नैर्ऋत्येकडील ऊन लागून ते भाजू नये म्हणून बागेच्या त्या बाजूला सावलीची झाडे लावतो. नवीन कलमांवर पहिल्या उन्हाळ्यात झापांचा आडोसा करतो. हीच नजर आपल्या मुलांकडेही वळवली, तर उन्हाळ्यातील बराचसा त्रास टळतो.

ऊन लागून त्वचा का भाजते?

सूर्यप्रकाशात उजेड व उष्णता यांबरोबरच डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात. त्वचा भाजते ती मुख्यतः या किरणांमुळे, उष्णतेमुळे नव्हे. म्हणूनच वारा थंड लागत असला किंवा मूल पाण्यात खेळत असले, तरी त्वचा भाजू शकते.

लहान मुलांची त्वचा मोठ्या माणसांपेक्षा पातळ असते. वजनाच्या मानाने त्यांच्या अंगाचा उघडा भाग जास्त असतो आणि त्यांना घामही कमी येतो. त्यामुळे ज्या उन्हात आपण नुसते रापतो, त्याच उन्हात मूल भाजते. सावळ्या त्वचेला अतिनील किरणांपासून काही प्रमाणात संरक्षण मिळते हे खरे, पण सावळी त्वचा भाजतच नाही हा समज चुकीचा आहे. तिच्यावरील लाली चटकन दिसत नाही, एवढेच. लहानपणी वारंवार त्वचा भाजल्यास पुढील आयुष्यात त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो. गोऱ्या त्वचेत हा धोका अधिक असतो.

आपल्याकडील ऊन फसवे का?

रत्नागिरी सुमारे १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे ८ मेच्या सुमारास येथे सूर्य भरमाध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो. हे माध्यान्ह घड्याळाच्या बाराला नव्हे, तर साडेबारानंतर काही मिनिटांनी होते. म्हणून 'बारा वाजले की मुलांना आत घ्यायचे' हा हिशेब अपुरा पडतो. मे महिन्यात साधारण सकाळी साडेनऊ ते दुपारी पावणेचार या वेळेत आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असते. हाच काळ धोक्याचा. घड्याळ नसले तरी हा नियम मुलांनाही शिकवता येतो : सावली आपल्यापेक्षा आखूड झाली की सावलीत यायचे.

आणखी तीन गोष्टी लक्षात घ्याव्यात :

१. पातळ ढगांतून अतिनील किरण मोठ्या प्रमाणात खाली येतात. मे महिन्याच्या अखेरीस आभाळ भरून आले म्हणून निर्धास्त राहू नये.

२. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के व समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरण परावर्तित करतो. भाट्ये किंवा गणपतीपुळे येथील किनाऱ्यावर टोपी घातलेल्या मुलाचाही चेहरा खालून भाजतो तो यामुळे. अर्धा मीटर खोल पाण्यातही पृष्ठभागावरील किरणांपैकी सुमारे ४० टक्के पोहोचतात.

३. किनारपट्टीवर हवा दमट असल्याने घाम वाळत नाही आणि अंग थंड होत नाही. म्हणूनच भारतीय हवामान विभाग मैदानी भागात ४० अंश, तर किनारपट्टीवर ३७ अंश सेल्सिअस ही उष्णतेच्या लाटेची किमान पातळी धरतो. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे उघड्या मैदानावरील कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. ती सर्व मोठी माणसे होती. लहान मुलांची सहनशक्ती त्याहून कमी असते.

कसे ओळखावे?

भाजल्याची खूण लगेच दिसत नाही. उन्हातून आल्यावर तीन ते पाच तासांनी त्वचा लाल किंवा नेहमीपेक्षा काळसर होते, हाताला गरम लागते, ताणल्यासारखी होते. बारा ते चोवीस तासांत दुखणे सर्वांत जास्त असते. चार ते सात दिवसांनी पापुद्रे निघतात.

सकाळी पुळणीत खेळलेले मूल संध्याकाळपर्यंत चांगले असते आणि रात्री अंगरखा काढताना किंचाळते. तोवर सकाळचे ऊन कोणाच्या लक्षात राहिलेले नसते. घरात कोणी दृष्ट काढते, कोणी तापाचे औषध शोधते. अशा वेळी मुलाचे खांदे, मान, कान, नाक व पावलांचा वरचा भाग उजेडात पाहावा. कपड्याच्या काठापाशी लालीची सरळ रेघ दिसली, तर ते उन्हाने भाजणे समजावे.

प्रथमोपचार

१. मुलाला ताबडतोब सावलीत, वारा खेळत असलेल्या पडवीत किंवा ओटीवर आणावे. घट्ट कपडे सैल करावेत.

२. भाजलेल्या भागावर थंड पाण्यात भिजवून पिळलेले मऊ सुती कापड दहा ते पंधरा मिनिटे ठेवावे. दिवसातून तीन-चार वेळा असे करावे. विहिरीचे किंवा माठाचे पाणी पुरेसे आहे. मूल कुडकुडू लागल्यास थांबावे. बागेतील पाइप उन्हात पडलेला असल्यास त्यातील पहिले पाणी चटका देण्याइतके तापलेले असते. ते वाहू द्यावे, हाताने पाहावे आणि मगच मुलावर घ्यावे.

३. थोडे थोडे पाणी वारंवार पाजावे. शहाळ्याचे पाणी, पातळ ताक, मीठ-साखर घातलेले कोकम सरबत चालते. मूल मलूल असल्यास जलसंजीवनी द्यावी. पाकीट नसल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवावे. चमचा चहाचा असावा. सहा महिन्यांखालील बाळाला फक्त आईचे दूध, नेहमीपेक्षा अधिक वेळा पाजावे.

४. त्वचा थंड झाल्यावर, फोड नसतील तर कॅलामाइन लोशन किंवा सुगंधविरहित मलम हलक्या हाताने लावावे. कोरफड वापरायची असल्यास पान कापून उभे ठेवावे, पिवळा चीक पूर्ण निथळू द्यावा, गर धुऊन घ्यावा आणि प्रथम हातावर थोडासा लावून पाहावा. त्या पिवळ्या चिकानेच काही मुलांना खाज सुटते.

५. दुखणे फार असल्यास पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे देता येते. मात्र या औषधाच्या बाटल्या कमी-जास्त ताकदीच्या असतात. घरात उरलेल्या बाटलीतून अंदाजाने चमचा भरू नये. मात्रा डॉक्टर किंवा आरोग्य सेविका यांना विचारून घ्यावी.

६. त्वचा पूर्ण बरी होईपर्यंत मुलाला पुन्हा उन्हात सोडू नये.

हे करू नये

बर्फ थेट त्वचेवर चोळू नये. फोड फोडू नयेत, पापुद्रे ओढू नयेत. दंतमंजन, चुना, शाई, तूप लावू नये. तापलेल्या त्वचेवर लगेच खोबरेल तेल थापल्यास आतील उष्णता कोंडते. पापुद्रे निघण्याच्या वेळी मात्र खोबरेल किंवा कोमट करून पातळ केलेले कोकमाचे तेल लावण्यास हरकत नाही. सोळा वर्षांखालील मुलांना ॲस्पिरिनची गोळी देऊ नये. त्यामुळे यकृत व मेंदूला गंभीर इजा होऊ शकते.

डॉक्टरांकडे केव्हा न्यावे?

एक वर्षाखालील बाळ भाजले असेल तर लाली थोडी असली तरी डॉक्टरांना दाखवावे. मोठ्या मुलाच्या अंगावर बरेच फोड आले, चेहरा सुजला, ताप किंवा उलट्या सुरू झाल्या, डोळे दुखू लागले, सहा तासांत लघवी झाली नाही किंवा फोडांत पू दिसला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. अंग भट्टीसारखे तापले, मूल असंबद्ध बोलू लागले, गुंगीत गेले किंवा झटके आले तर तो उष्माघात समजावा. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत अंगावर पाणी ओतत राहावे व वारा घालावा. शुद्धीवर नसलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नये.

चीक, काजूचे तेल आणि लिंबू

आपल्याकडे भाजल्यासारखी दिसणारी प्रत्येक खूण उन्हाची नसते. देठाजवळील आंब्याचा चीक व काजूच्या टरफलातील तेल यांनीही त्वचा पोळते. आंबा, काजू व बिब्बा ही एकाच कुळातील झाडे आहेत. चिकाची खूण बहुधा ओठांभोवती, हनुवटीवर किंवा ओघळाच्या रेषेत असते. अशा वेळी साबण व भरपूर पाण्याने लगेच धुवावे. काजू बिया भाजण्याच्या धुरापासून मुलांना दूर ठेवावे. लिंबाचा रस अंगावर सांडून मूल उन्हात गेले, तर तेथे एक-दोन दिवसांनी लाली, फोड व नंतर काळे डाग पडतात. सरबत करून झाल्यावर मुलांचे हात-तोंड धुवायला लावावे.

प्रतिबंध सोपा आहे

१. सावली : बागेत प्रतवारीच्या मांडवालगत मुलांसाठी झापांचा दाट मांडव करावा. रोपवाटिकेची ५० टक्क्यांची जाळी निम्माच प्रकाश अडवते, म्हणून ती दुहेरी वापरावी. झाडाला झोळी बांधताना सावली सरकते हे विसरू नये. सकाळी झाडाच्या पश्चिमेस व दुपारनंतर पूर्वेस सावली मिळते. दर अर्ध्या तासाने कोणीतरी झोळीकडे पाहावे. नुकत्याच फवारणी केलेल्या झाडाखाली मात्र झोळी बांधू नये.

२. कपडे : दाट विणीचे, सैल, लांब बाह्यांचे सुती कपडे घालावेत. पातळ पांढरा सदरा ओला झाला की त्यातून किरण अधिक आत जातात. गांधी टोपीने कान व मान झाकत नाहीत. रुंद काठाची टोपी किंवा मानेवर सोडलेला पंचा उपयोगी पडतो.

३. पायात चप्पल : भर दुपारी कातळ इतका तापतो की अनवाणी मुलाचे तळवे पोळतात.

४. मलम : सहा महिन्यांवरील मुलांना उघड्या भागावर 'एसपीएफ ३०' किंवा अधिक लिहिलेले मलम बाहेर पडण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे लावावे. दर दोन तासांनी व पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा लावावे. मलम लावले म्हणून जास्त वेळ उन्हात राहू नये. सहा महिन्यांखालील बाळासाठी सावली व कपडे हेच औषध.

५. तेल लावून बाळाला कोवळ्या उन्हात धरण्याची पद्धत घरात असल्यास ते सकाळी आठच्या आत व काही मिनिटेच करावे. बाळ झोपी गेले म्हणून तेथेच ठेवू नये.

६. पाणी : मुलांच्या हाताला लागेल असे पिण्याचे पाणी मांडवात ठेवावे. कीटकनाशकांचे रिकामे डबे वा बाटल्या कितीही धुतल्या तरी त्यात पाणी भरू नये.

बागायतदारांना विनंती

काढणीची वेळ आपण तशीही सकाळी लवकर व संध्याकाळी ठेवतो. विद्यापीठाने विकसित केलेल्या नूतन झेल्याने देठासह फळ काढले म्हणजे चीकही कमी सांडतो. याच शिस्तीत मुलांचीही सोय बसवता येते. आपल्या मुलाला आपण पडवीत घेतो, पण गड्याच्या मुलाला पडवी नसते. आंब्यासाठी चार झाप घालताना आणखी चार झाप घातले, एक माठ ठेवला आणि एखाद्या वयस्कर बाईंना मुलांवर लक्ष ठेवण्याचे काम दिले, तर त्याचा खर्च हंगामाच्या हिशेबात जाणवतही नाही. मूल सुरक्षित आहे हे कळल्यावर आई-बापही कामात मन घालतात.

डागी फळ बाजूला काढता येते. मुलाच्या बाबतीत तसे करता येत नाही. म्हणून उद्या सकाळी बागेत निघताना झेला, क्रेट व पाण्याची कळशी घेताना मुलांच्या टोप्या घेतल्या का, हेही एकदा पाहावे.