देहदान : संकल्प एकाचा, पूर्तता घराची

वृत्रासुराच्या वधासाठी दधीची ऋषींनी आपल्या अस्थी दिल्या, ही कथा आपण भक्तिभावाने ऐकतो. देह हे जीर्ण होणारे वस्त्र आहे, हा गीतेचा उपदेशही आपल्याला ठाऊक असतो. तरीही घरातील वडीलधाऱ्यांनी देहदानाचा विषय काढला, की ‘असे अभद्र बोलू नका’ म्हणून तो तिथेच थांबवला जातो. असे का होते?

पहिली शंका शास्त्राची. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शल्यचिकित्सकाने मृतदेहाचा प्रत्यक्ष अभ्यास करावा, असे सांगितले आहे. देह गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून, सात रात्री पाण्यात ठेवावा आणि मग एकेक थर दूर करीत अवयव पाहावेत, अशी रीतही तेथे दिली आहे. पुढे ही परंपरा मागे पडली. १८३६ मध्ये कलकत्त्यात पंडित मधुसूदन गुप्त या वैद्यांनी शवविच्छेदन केले, तेव्हा समाजाला ते धाडस वाटले.

दुसरी शंका अंत्यसंस्काराची. देह हाती नसेल, तर प्रतिमा करून दाहविधी करण्याची सोय धर्मशास्त्रात आहे. श्राद्ध-तर्पणासाठी तर देह लागतच नाही.

तिसरी शंका विटंबनेची. वैद्यकीय महाविद्यालयात देह औषधी द्रावणाने टिकवला जातो व त्यावर विद्यार्थी शरीररचना शिकतात. अनेक ठिकाणी अभ्यासापूर्वी त्या देहाचा आदर राखण्याची शपथ घेतली जाते. तो देह त्यांचा पहिला गुरू असतो.

जानेवारी २०१० मध्ये ज्योती बसू यांचा देह कोलकात्यात आणि पुढच्याच महिन्यात नानाजी देशमुख यांचा देह दिल्लीच्या ‘एम्स’ला देण्यात आला. दोघांची विचारसरणी परस्परविरोधी; शेवटचे दान मात्र एकच.

शंका मिटल्या तरी एक गोष्ट उरते. स्वतःच्या देहाची आसक्ती सोडणे एक वेळ सोपे. आईच्या, वडिलांच्या देहाची सोडणे कठीण. अर्ज आपण भरतो, पण महाविद्यालयाला कळवायचे असते ते मुलांनी, आणि तेही दुःखाच्या पहिल्या काही तासांत. त्यांचे मन झाले नाही, तर संकल्प कागदावरच राहतो. त्यांचा नकार प्रेमातून आलेला असतो. त्यांना दोष देऊ नये. त्यांची तयारी करून घेणे हे संकल्प करणाऱ्याचेच कर्तव्य आहे.

काही व्यावहारिक बाबीही घरच्यांना सांगून ठेवाव्यात. शवविच्छेदन झालेला किंवा काही संसर्गजन्य आजार असलेला देह सहसा स्वीकारला जात नाही. नेत्रदान साधारण सहा तासांच्या आत करावे लागते. त्यानंतरही देहदान करता येते.

स्वाध्याय

१. देहदानाबाबत माझ्या मनातील अडचण श्रद्धेची आहे, भीतीची आहे की लोकलज्जेची?

२. माझी इच्छा घरातील प्रत्येकाला माझ्या तोंडून कळली आहे का?

३. घरातील कोणी हीच इच्छा बोलून दाखवली, तर मी ती शेवटपर्यंत ऐकून घेईन का?

या आठवड्यात एका संध्याकाळी प्रार्थनेनंतर घरच्यांसह या प्रश्नांवर बोलावे. निर्णय त्याच दिवशी झाला पाहिजे असे नाही.