वेळेची वाटणी

संगणकावर गाणे वाजत असते, त्याच वेळी पत्राचे टंकलेखन चालते आणि एखादे छायाचित्रही उतरवून घेतले जाते. ही सारी कामे एकाच वेळी चाललेली भासतात. वास्तविक सूचनांची अंमलबजावणी करणारा प्रोसेसर एकच असेल, तर तो एका क्षणी एकाच आज्ञावलीचे काम करतो. आजच्या संगणकांत असे अनेक प्रोसेसर एकत्र असतात. तरीही कामांची संख्या त्यांहून पुष्कळ अधिक असते. मग हे साधते कसे?

संगणकाचा कारभार पाहणाऱ्या मूळ आज्ञावलीला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. ती प्रोसेसरच्या वेळेचे लहान लहान तुकडे पाडते. एक तुकडा बहुधा काही मिलिसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या काही हजारांश भागांचा असतो. तो संपताच चालू काम कुठवर आले याची नोंद ठेवून दुसऱ्या कामाला पाळी दिली जाते. पुढच्या पाळीला पहिले काम थांबले होते तेथूनच सुरू होते. पाळ्या इतक्या झपाट्याने बदलतात की मधला खंड जाणवत नाही. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली ही पद्धत प्रत्यक्ष चालवून दाखवली.

सर्वच कामे सारखी तातडीची नसतात. म्हणून रुग्णालयात अत्यवस्थ रुग्णाला आधी तपासतात, तसा कामांनाही प्राधान्यक्रम दिला जातो. परंतु तेवढ्याने भागतेच असे नाही.

४ जुलै १९९७ रोजी ‘मार्स पाथफाइंडर’ हे अमेरिकेचे यान मंगळावर उतरले. काही दिवसांतच त्याचा संगणक मधूनच बंद पडून आपोआप पुन्हा सुरू होऊ लागला. त्या दिवसाचे उरलेले काम खोळंबू लागले. शोध घेता कारण सापडले. हवामानाची माहिती गोळा करण्याचे काम खालच्या क्रमाचे होते, तर यानातील माहितीची वाहतूक सांभाळण्याचे काम वरच्या क्रमाचे. दोन्ही कामांना एकच सामाईक साधन लागे. हवामानाच्या कामाने ते अडवलेले असतानाच मधल्या क्रमाची कामे प्रोसेसर घेत. त्यामुळे हवामानाच्या कामाला पाळी मिळेना, साधन सुटेना आणि वरच्या क्रमाचे काम ताटकळत राही. ते वेळेत झाले नाही की सुरक्षा व्यवस्था संगणक पुन्हा सुरू करी.

उपाय साधा होता. साधन अडवणाऱ्या कामाला, ते साधन सुटेपर्यंत, ताटकळणाऱ्या कामाचा वरचा क्रम द्यायचा. तशी सोय यानाच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये होती, पण ती वापरात नव्हती. तंत्रज्ञांनी पृथ्वीवरून बदल पाठवून ती सुरू केली आणि अडचण दूर झाली. मोठ्या कामाची वाट मोकळी व्हावी म्हणून कधी कधी लहान कामाला आधी वेळ द्यावा लागतो, हे या घटनेने दाखवून दिले.

पाठावरील प्रश्न
१. अनेक कामे एकाच वेळी चालल्याचा भास कशामुळे होतो?
२. यानावरील वरच्या क्रमाचे काम का ताटकळत होते?
३. ‘लहान कामाला आधी वेळ द्यावा लागतो’ याचे एक उदाहरण तुमच्या अनुभवातून लिहा.