कोठीघर नसलेल्या स्वयंपाकघराची मांडणी



आज एका सोप्या प्रश्नाने सुरुवात करू. तुमच्या घरी हळद कोणत्या डब्यात आहे? जिरे संपत आलेत की अजून महिनाभर पुरतील? जागेवरून न उठता सांगता येईल का? वर्गात मी हा प्रश्न विचारला की बहुतेक हात खालीच राहतात. उत्तर ठरलेलं असतं, "आईला माहीत."

मी नववीत असताना माझी आई नऊ दिवस दवाखान्यात होती. घरी वडील, मी आणि धाकटा भाऊ. घर दोन खोल्यांचं. पहिल्या संध्याकाळी वरणभात करायचं ठरलं. तांदूळ मिळाला, तूरडाळ काही मिळेना. एकामागून एक सहा डबे उघडले. एकात हरभराडाळ, एकात साबुदाणा, एकात चक्क शिवणाचं सामान! शेवटी वडिलांनी दुकानातून नवी डाळ आणली. दोन दिवसांनी पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत तीन किलो तूरडाळ सापडली. मागच्या कोपऱ्यात खवट झालेले शेंगदाणे आणि पोरकिडे पडलेली चवळीही निघाली. रोज संध्याकाळी डबा घेऊन आईकडे गेलो की आम्ही तिची तब्येत विचारायच्या आधी हिंग कुठे आहे ते विचारायचो. एक दिवस ती म्हणाली, "अरे, मला बरं तरी होऊ द्या."

तेव्हा कळलं, की आमच्या घरी सामान होतं पण त्याचा पत्ता फक्त एका माणसाच्या डोक्यात होता. म्हणून आजचा पाठ घरातल्या सगळ्यांसाठी आहे.

कोठीघर म्हणजे काय?

जुन्या वाड्यांत आणि शेतकऱ्यांच्या घरांत धान्य ठेवायला वेगळी खोली असायची. तिला कोठीघर किंवा कोठीची खोली म्हणत. कुठे शेणाने लिंपलेली कणगी, कुठे भिंतीतच बांधलेलं बळद, तर कुठे जमिनीखाली पेव असे. मडक्यांची उतरंड, मांजरापासून दूधदुभतं वाचवणारं शिंकाळं, भिंतीतलं फडताळ, ही सगळी साठवणुकीचीच साधनं. सुगीनंतर वर्षाचं धान्य भरायचं आणि ते वर्षभर पुरवायचं, ही त्यामागची गरज.

मग माणसं शहरात आली. मुंबईच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. त्यातच झोपायचं, अभ्यास करायचा आणि स्वयंपाकही. तिथे कोठीघर कुठून येणार? आजच्या लहान फ्लॅटमध्येही ओटा, दोन-चार फळ्या आणि वर माळा एवढंच असतं. पण वर्षाचं भरण्याची सवय मात्र अजून सुटलेली नाही.

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही, बरं का! जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरात १९२६ मध्ये कामगारांच्या वसाहतींसाठी मार्गारेट शुटे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी एक लहान स्वयंपाकघर आखलं. रुंदी साधारण १.९ मीटर, लांबी ३.४ मीटर. आगगाडीच्या डब्यातल्या स्वयंपाकघराचा त्यांनी अभ्यास केला होता. पीठ, तांदूळ, साखर यांसाठी नाव लिहिलेले धातूचे खण हाताशी बसवले होते. अशी जवळजवळ दहा हजार स्वयंपाकघरं तिथे बांधली गेली. जागा कमी असली तरी प्रत्येक वस्तूची जागा आधी ठरवता येते, हे त्यातून शिकण्यासारखं आहे.

१) आधी सगळं बाहेर काढा

सुट्टीच्या दिवशी सकाळी सगळे डबे, पुड्या, बरण्या जमिनीवर मांडा. एकाच वस्तूचे डबे एकत्र आणा. मोहरी तीन ठिकाणी सापडेल, खात्रीने! मग तीन ढीग करा : रोज लागणारं, आठवड्याला लागणारं, सणावाराला लागणारं. खराब झालेलं वेगळं काढा आणि ते किती रुपयांचं होतं ते वहीत लिहा. हा आकडा कोणाला रागवण्यासाठी नाही. पुढच्या महिन्याची यादी करताना तो कामाला येतो.

२) किती साठवायचं ते मोजा

एक आठवडा पीठ, तांदूळ, डाळ रोज किती लागते ते मोजून लिहा. त्यावरून महिन्याचा अंदाज येतो. कोठीघर नसेल तर एका महिन्याचं सामान आणि वर आठ-दहा दिवसांची शिल्लक, एवढं पुरे. दुकान हेच आपलं कोठीघर समजा.

पण काही सामान एकदमच येतं. उदाहरणार्थ रेशन. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ नुसार प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो धान्य मिळतं. चार माणसांचं झालं २० किलो. याला जागा किती लागेल?

गहू-तांदळाच्या १ किलोला साधारण सव्वा लिटर जागा लागते. म्हणजे २० × १.२५ = २५ लिटर. डब्यात वर थोडी जागा मोकळी हवी, म्हणून १.२ पट धरा : ३० लिटर. तेलाचे १५ किलोचे चौकोनी पत्र्याचे दोन डबे घेतले की काम झालं. जागा बघून सामान आणायचं ते असं.

३) गोल डबा की चौकोनी?

इथे आपलं गणित उपयोगी पडतं. समजा फळी ९० सेंटिमीटर लांब आणि ३० सेंटिमीटर खोल आहे. १५ सेंटिमीटर रुंदीचे डबे ठेवले, तर गोल असोत की चौकोनी, १२ च बसतात. उंची २० सेंटिमीटर धरू.

चौकोनी डबा : १५ × १५ × २० = ४५०० घन सें.मी., म्हणजे ४.५ लिटर.
गोल डबा : २२/७ × ७.५ × ७.५ × २० = सुमारे ३५३६ घन सें.मी., म्हणजे साधारण ३.५ लिटर.

१२ डब्यांत फरक पडतो साडेअकरा लिटरचा. त्याच फळीवर सुमारे ९ किलो गहू जास्त मावतात! पण म्हणून घरातले स्टीलचे गोल डबे टाकून नवे आणायला धावू नका. पुढे डबे घ्याल तेव्हा चौकोनी घ्या, एवढंच. आणि डबे एकावर एक रचताना खालच्या डब्यात रोज न लागणारं सामान ठेवा. नाहीतर सकाळच्या घाईत रोज उतरंड उतरवावी लागेल.

४) कुठे काय ठेवायचं?

- कमरेपासून खांद्यापर्यंत : रोजचं सामान. मिसळणाचा डबा, चहा-साखर, पीठ, तांदूळ, डाळ.
- गुडघ्याच्या खाली : जड सामान. धान्याचे डबे, तेलाचा कॅन, कुकर. डबे थेट फरशीवर नकोत, खाली पाट किंवा लाकडी फळी हवी. ओलसर भिंतीपासून चार बोटं दूर.
- डोक्याच्या वर आणि माळ्यावर : हलकं आणि क्वचित लागणारं. मोठी पातेली, कुरडया-पापडांचे डबे, फराळाची भांडी. वरचं काढायला पक्की शिडी वापरा. डब्यावर डबा ठेवून किंवा डुगडुगत्या स्टुलावर कोणीही चढू नये, आजीने तर अजिबात नाही.
- गॅसच्या वर आणि शेजारी : इथे मसाले ठेवायची सवय खूप घरांत आहे. हाताशी असतात, म्हणून. पण उष्णता आणि वाफ यांमुळे त्यांचा वास लवकर उडतो. मिठाचा डबाही झाकणाचा आणि शेगडीपासून लांब हवा, कारण ओल आणि उष्णतेने त्यातलं आयोडीन कमी होतं.
- सिलिंडरचा कप्पा : सिलिंडर नेहमी उभाच ठेवा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर खाली साठतो. म्हणून त्या कप्प्यात रद्दी, पिशव्या, रॉकेल कोंबू नका आणि खालून हवा जायची वाट बंद करू नका.

कांदे आणि बटाटे एका टोपलीत नकोत, दोन्ही लवकर खराब होतात. दोन्हींना हवा लागते. बटाट्यांना उजेड मात्र नको. उजेडाने ते हिरवे पडतात आणि त्यांत सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढतं.

५) जुनं पुढे, नवं मागे

नवा गहू जुन्यावर ओतला की जुना तळाशी राहतो आणि तिथूनच कीड लागते. म्हणून आधी डबा रिकामा करा, पुसा, उन्हात वाळवा. नवं खाली भरा, जुनं वर. प्रत्येक डब्यावर कागदी पट्टी चिकटवून दोनच गोष्टी लिहा : नाव आणि भरल्याची तारीख. बाजरीचं पीठ लवकर कडू होतं, म्हणून ते थोडं थोडंच दळून आणा.

६) ओल आणि कीड

साठवणीच्या धान्यात ओलावा साधारण १२ टक्क्यांच्या आत असावा लागतो. घरी यंत्र नसतं. दाणा दाताखाली कडक वाजला की वाळला, असं मोठी माणसं सांगतात. ऊन दिल्यावर धान्य गार होऊ द्या आणि मगच झाकण लावा. गरम भरलं तर आत पाणी सुटतं. तूरडाळीला एरंडेल तेलाचा हात, धान्यात वाळलेला कडुनिंबाचा पाला, हे जुने उपाय चालतात. रवा हवाबंद पिशवीत घालून चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवला तर आतली कीड मरते.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. गोदामात धान्यासाठी वापरतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात कधीही आणू नका. ओलाव्याशी संबंध आला की त्यांतून फॉस्फिन नावाचा विषारी वायू निघतो. लहान खोलीत, जिथे माणसं झोपतात, तिथे तो जीव घेतो.

७) घराचा सामान-नकाशा

आता सगळ्यात महत्त्वाचं काम. एका कागदावर स्वयंपाकघराचं चित्र काढा. प्रत्येक फळीला क्रमांक द्या आणि कोणत्या फळीवर काय आहे ते लिहा. पलंगाखालची पेटीसुद्धा विसरू नका! कागद दाराच्या मागे लावा. शेजारी 'संपत आलेलं' अशी रिकामी यादी टांगा. ज्याच्या हातून डबा अर्ध्याच्या खाली जाईल, त्याने तिथे लिहायचं, मग तो बाबा असो की सहावीतला दादा. आजीला वाचता येत नसेल तर डब्यावर त्या धान्याचे चार दाणे चिकटवा.

आमच्या घरी आई परत आली तेव्हा भावाने असाच कागद लावला होता. अक्षर वाकडंतिकडं, त्यात 'हिंग' 'हीग' झालेलं. आईने तो वाचला आणि फक्त एक डबा जागेवरून हलवला. बाकी सगळं तसंच राहिलं. त्यानंतर रविवारचा वरणभात आम्ही भाऊ करायला लागलो.

स्वाध्याय

१. तुमच्या घरातल्या एका फळीची लांबी, खोली आणि उंची मोजा. तिच्यावर किती लिटर सामान मावेल?
२. सहा माणसांच्या प्राधान्य कुटुंबाला महिन्याचं रेशन ठेवायला किती लिटरचे डबे लागतील?
३. घरातल्या मोठ्या माणसांना विचारा : त्यांच्या लहानपणी धान्य कशात ठेवत? पाच ओळी लिहा.
४. उपक्रम : सामान-नकाशा तयार करा. मग आईला किंवा घरात रोज स्वयंपाक करणाऱ्या माणसाला एक दिवस बसवून ठेवा आणि त्यांना काहीही न विचारता वरणभात करा. काय सापडलं नाही, ते नकाशात भरा.